पत्रिकेतली मोकळी जागा

(टोकावड्याच्या अलीकडचं एक गाव, हळदीची दुपार. बुधाजींच्या पडवीत तिघी: त्यांची सून, म्हणजे मुकेशची बायको संघरत्ना, तिची नणंद म्हणजे उद्याची नवरी पौर्णिमा, आणि शहापूरहून नुकतीच पोचलेली संघरत्नाची कॉलेजातली मैत्रीण मिताली. संघरत्नाचा दीड वर्षाचा बंटी सगळ्यांच्या पायांत.)

संघरत्ना : ...सांगितलं होतं ना चिमाकाकीने मला! इथेच, या पडवीत, तांदूळ निवडता निवडता. "पत्रिकेत नावं सगळ्यांची घे हां बाय. नाव राह्यलं का माणूस लांबतो. माझं एक नाय घेतलंस तरी चालंल, पन बाकी कोनाला सोडू नको."

मिताली : आणि तू काय म्हणालीस?

संघरत्ना : मी म्हटलं, "काकी, हा डिझाइनचा प्रश्न आहे."

मिताली : अरे देवा.

पौर्णिमा : तेवढ्यावर नाय थांबली वहिनी. ताटाचं सांग हिला.

संघरत्ना : राहू दे ना ताटाचं.

पौर्णिमा : सांग गो. शहापूरवरनं हळदीला आलीय ती, काय तरी करमणूक नको तिची?

संघरत्ना : मी काकीला समजावलं, की पत्रिका म्हणजे ताट. ताटभर भातच पसरला तर भाजी कुठे वाढायची? तशी कागदावरही जागा मोकळी सोडावी लागते.

मिताली : पटलं त्यांना?

संघरत्ना : "भाजी भातावरच वाढत्यात," म्हणाली. आणि पुन्हा खडे काढायला लागली. बंटी! तोंडात काय आहे? आ कर. मोठ्ठा आ. बघा, हळकुंड! थुंक. थुंक म्हणते ना!

मिताली : अगं हळदच आहे, औषधी असते.

संघरत्ना : अख्खं हळकुंड घशात अडकलं की औषधी नसतं.

पौर्णिमा : वहिनीला जगात दोनच वस्तू दिसतात. बंटी गिळंल अशी, नि बंटी ज्यावरनं पडंल अशी.

मिताली : थांब, पत्रिकेचं नीट कळू दे मला. तीच ना, आपल्या कॉलेजातली? आमंत्रणाच्या असाइनमेंटची?

संघरत्ना : तीच. एका दगडात दोन पक्षी. नणंदेचं लग्न उरकेल आणि शेवटच्या वर्षाचं सबमिशनही. मुरबाडवरून कल्याणला एसटीत उभ्याने जाऊन चार वर्षं जे काही ज्ञान मिळवलं, ते सगळं मी त्या एका कागदावर सोडून दिलं. वर पौर्णिमा, खाली तिचा नवरा, मध्ये विहाराचा पत्ता आणि वेळ. बस्स.

मिताली : पण ती भारी होती यार! सरांनी बोर्डावर लावली. खाली लाल पेनाने "हिंमत" लिहिलं.

पौर्णिमा : सरांचं काय जातंय? सरांना कुठं उद्या मांडवात उभं राह्यचंय.

संघरत्ना : सर म्हणतात, जे काढता येईल ते काढून टाका. पानाला श्वास घेऊ द्या.

पौर्णिमा : पानाने घेतला. बाबांचा अडकला.

मिताली : बाबांनी छापायच्या आधी बघितली नव्हती?

संघरत्ना : त्यांनी बघायची गरजच नाही असं मीच ठरवलं. सून डिझाइनची डिग्री करतेय म्हणून सगळ्या पंचक्रोशीत सांगून ठेवलेलं त्यांनी. निम्म्या गावाला मी इंजिनियर वाटते आणि उरलेल्या बायका ब्लाऊजचा गळा काढून मागायला येतात. गळेच काढत बसले असते तर आज एवढ्या माणसांचे पाय धरायची वेळ आली नसती.

पौर्णिमा : गठ्ठा आला तेव्हा बाबांनी एक पत्रिका उलटी करून बघितली. मग सुलटी. मग उजेडात धरली.

संघरत्ना : उजेडात तिरकी धरली की पिंपळाचं पान दिसतं. नुसतं उठावाचं, रंग नाही त्याला. दिसलं ना त्यांना?

पौर्णिमा : दिसलं. म्हणाले, "हितं कागद ओला झालेला."

मिताली : आणि तू गं? नवरी तू. तुला तर दाखवली असेल हिने.

पौर्णिमा : दाखवली ना. मी "छान आहे" पण म्हटलं. मला वाटलं, हे वरचं पाकीट हाय.

संघरत्ना : हे तू मला आज सांगतेस?

पौर्णिमा : तुझे डोळे एवढे चमकत होते का मला बोलवेना. म्हटलं, आत काय असंल ते कळंलच.

मिताली : सॉरी, मी हसत नाहीये.

पौर्णिमा : हस. सगळे हसले. हसले ते परवडले. तानसाच्या मालूआत्याने निरोप धाडला, "नमुना पोचला, पत्रिका कधी पाठवताय?" उंबरमाळीच्या महिपतमामाने तर पेन घेतलं नि स्वतःच लिहिलं, "निमंत्रक महिपत नि परिवार." खाली दोन्ही पोरांची नावं, "आमच्या ताईच्या लग्नाला यायचं हं." नि तश्याच वाटल्या त्याने त्याच्या वाडीत.

मिताली : म्हणजे तिथे तरी चूक सुधारली.

संघरत्ना : आणि मुलांची नावं बरोबर त्या पानाच्या उठावावर लिहिली. मी बघितली ती पत्रिका. खोटं कशाला बोलू, माझ्या पत्रिकेपेक्षा भरलेली दिसत होती.

पौर्णिमा : नि माझ्या सासऱ्यांनी बाबांना बाजूला घेऊन विचारलं, "तुमची संमती आहे ना?"

मिताली : काय?

पौर्णिमा : मग काय! पत्रिकेत पोरगा नि पोरगी, दोघंच. ना आईबाप, ना काका, ना गाव. त्यांना वाटलं, ही पळून चाललीय नि वेळ कळवतेय.

संघरत्ना : आमच्याकडच्या पत्रिका तू बघितल्यास ना, मिताली. तुमच्याकडेही तेच. वरपासून खालपर्यंत नावं. कुणाचे चुलते, कुणाचे मावसे, शेवटी बोबडी पोरं. मी पहिल्या वर्षाला असताना वर्गात अशीच एक पत्रिका दाखवली होती सरांनी, काय करू नये याचा नमुना म्हणून. मी सगळ्यात मोठ्याने हसले होते. आणि ती माझ्याच लग्नाची निघाली असती तरी हसलेच असते, इतकी मी तेव्हा शहाणी होते.

मिताली : ठीक आहे, झालं ते झालं. मामा आला, आत्या आली. आतमध्ये तर फुल गर्दी आहे. मग अडलंय कुठे?

पौर्णिमा : चिमाकाकी आली नाय.

मिताली : ती तांदूळवाली?

पौर्णिमा : तीच. माझी आई, पारू, वारली तेव्हा मी ह्या बंटीएवढी होती. दादा पाचवीत. बाबा कंपनीत पाळीवर. काकाही तोवर वारलेला, काकी एकटीच. तिने आम्हा दोघांना वाढवलं. शाळेत माझ्या नावापुढं सही तिच्या अंगठ्याची हाय. नि पहिली हळद तिच्याच हातची लागणार, हे मी कधीचं ठरवलंय.

मिताली : विधवा चालते तुमच्यात हळदीला?

पौर्णिमा : बाबांनी बैठकीत उभं राहून सांगितलंय, आपल्यात असला भेद नाय. पहिला हात चिमाचा.

संघरत्ना : आणि असं सगळं ठरलेलं असताना मी पत्रिकेतून तिचं नाव काढलं. म्हणजे काढलं नाही गं, कुणाचंच ठेवलं नाही! आणि ती स्वतःच म्हणाली होती ना, "माझं नाय घेतलंस तरी चालंल"?

पौर्णिमा : वहिनी, म्हातारं माणूस "मला नको, तुमी जेवा" म्हणतं, तेव्हा तू ताट उचलून ठेवतेस?

संघरत्ना : नाही.

पौर्णिमा : मग?

संघरत्ना : कॉलेजात शिकवलं होतं, की समोरचा काय म्हणतो ते नीट ऐका. ऐकलं. चार वर्षांत पहिल्यांदा मी कुणाचं तंतोतंत ऐकलं, आणि तेही नेमकं हेच.

मिताली : पण एवढ्यावरून माणूस पुतणीच्या हळदीला येणार नाही? सगळ्यांचीच नावं नाहीत, हे त्यांनाही दिसलं असेलच की.

पौर्णिमा : तिला वाचता कुठं येतंय? तिला धोंडूबाईनं वाचून दाखवलं. पाण्याच्या पंपावर. चार बायकांत.

मिताली : धोंडूबाई कोण?

पौर्णिमा : शेजारीण. जीभ म्हणजे कोयता. तिनं काय सांगावं? "चिमे, विधवेचं नाव शुभकार्यात नको, म्हणून तुझ्या शिकल्या सुनेनं खुबीनं काढलं. उगा दिसायला नको म्हणून सगळ्यांचीच काढली."

मिताली : बाप रे.

संघरत्ना : हे मला माहीत नव्हतं.

पौर्णिमा : मला पण आज सकाळी कळलं. मालूआत्यानं सांगितलं.

संघरत्ना : पौर्णिमा, शपथ घेऊन सांगते, माझ्या मनातसुद्धा...

पौर्णिमा : मला ठाव हाय गो. तुझ्या मनात फक्त तो श्वास होता. पन तिला ठाव नाय ना.

संघरत्ना : म्हणजे मी मोकळी जागा सोडली आणि धोंडूबाईने त्यात हे लिहिलं.

मिताली : रडू नको. रत्ना. ए.

संघरत्ना : रडत नाहीये. बंटी त्या मांडवाच्या दोरीला लोंबकळतोय, त्याला धर आधी. तो बांबू नीट पुरलेला नाही, मी सकाळपासून सांगतेय. आण त्याला इकडे. ये रे, बस माझ्याजवळ.

मिताली : तू जाऊन बोललीस का त्यांच्याशी?

संघरत्ना : परवा गेले. दार लोटलेलं. आतून म्हणाली, "निजलेय." मी म्हटलं, काकी, ऐका तरी. तर म्हणे, "डोकं दुखतंय बाय, मग ये." मी मागे फिरले. खरं सांगू? मला बरंच वाटलं. डोळ्यांत बघायला लागलं नाही.

मिताली : आणि मग?

संघरत्ना : मग मी डिझायनरने करायची ती गोष्ट केली.

पौर्णिमा : हे ऐक आता. ताटापेक्षा भारी हाय.

संघरत्ना : काल दिवसभर बसून मी एक पत्रिका हाताने तयार केली. एकच. त्यावर फक्त "निमंत्रक : चिमाबाई". टाक घेऊन, काळ्या शाईत, एवढं मोठं नाव. आजूबाजूला...

मिताली : मोकळी जागा नको म्हणूस.

संघरत्ना : ...थोडीशी.

मिताली : रत्ना!

संघरत्ना : हात आपोआप गेला गं! संध्याकाळी नेऊन दिली. म्हणजे दारातून म्हटलं, "काकी, तुमच्यासाठी आणलंय काहीतरी." आतून म्हणाली, "ठेव तिथं." उंबऱ्यावर ठेवली नि आले.

पौर्णिमा : जिला वाचता येत नाय, तिला वाचायला कागद दिला.

संघरत्ना : हे मला घरी आल्यावर सुचलं. चूल फुंकताना. शिक्षण असंच असतं बघ, उजेड पडतो, पण माणूस घरी पोचल्यावर.

मिताली : मुकेशदादा, बाबा, कुणी जात का नाही समजवायला?

पौर्णिमा : दादा गेलाय टेम्पो घेऊन खुर्च्या आणायला. बाबा म्हणतात, तिचं मन निवू दे, ती आपणहून येईल. रुसली का दोन दिस बोलत नाय ती, पन येते. पन आता संध्याकाळ व्हायला आली. मी सांगून ठेवते तुला वहिनी, काकी आली नाय, तर मी पाटावर बसणार नाय. वाजंत्री वाजू दे, नायतर गाव बसू दे मांडवात.

संघरत्ना : बसू नकोस. माझ्या डोक्यावर बस.

मिताली : मला एक विचारू? रागावू नको. पुढच्या सोमवारी आपली ज्युरी आहे, शेवटची तोंडी परीक्षा. बंटीला रोज कोण सांभाळतं?

संघरत्ना : ...काकी.

मिताली : म्हणजे काकी रुसली की ज्युरी गेली.

संघरत्ना : गेली. वर्ष गेलं. फी गेली.

मिताली : मग तुला नक्की काय हवंय, काकी का बंटीला सांभाळणारी?

संघरत्ना : दोन्ही. पण खोटं बोलणार नाही, परवा दार उघडलं नाही तेव्हा आधी दुसरं आठवलं. मी बांधावरून परत येताना मनातल्या मनात माणसं शोधत होते. मालूआत्या राहील का आठवडाभर? तुझी आई घेईल का त्याला? असल्या बाईला सर "हिंमत" देतात.

पौर्णिमा : जाऊ दे. मी पन आधी पहिल्या हळदीचाच विचार केला.

मिताली : बरं, काम करूया. मी काळा कागद आणलाय, खडूही आहेत. मांडवाच्या दारात मोठा बोर्ड करूया. सगळी नावं. चिमाकाकी सगळ्यात वर. कुणी वाचून दाखवलं, तर निदान त्यांच्या कानावर जाईल.

पौर्णिमा : आणखी एक कागद.

मिताली : मग काय, ढोल पिटून सांगायचं?

पौर्णिमा : पिटलं तरी चालंल.

मिताली : अरे हो, कागदावरून आठवलं. तुमची एक पत्रिका वाटेत पडली होती, मी उचलून आणली. बघ, बॅगेतच आहे. वाचली नाही, मोकळी जागा बघूनच तुझी म्हणून ओळखली, वाटलं वाटताना पडली. एका बाजूने बकरीने खाल्लीय. गंमत म्हणजे अक्षरं तशीच ठेवलीत, मोकळी जागा तेवढी खाल्ली. सरांना सांगूया, अखेर एक रसिक मिळाला.

संघरत्ना : दाखव.

मिताली : ही बघ.

संघरत्ना : ही तर मी काल केलेली. कुठे मिळाली तुला?

मिताली : स्टॉपवरून येताना. चिंचेजवळ निळ्या दाराचं घर आहे ना, त्याच्या उंबऱ्यापाशी. हेच का त्यांचं घर? सॉरी यार, मला काय माहीत!

संघरत्ना : उंबऱ्यापाशी? म्हणजे मी ठेवली तिथेच?

मिताली : तिथेच. अर्धी दारात, अर्धी खाली.

पौर्णिमा : म्हणजे तिनं हात पन नाय लावला. एवढा राग.

संघरत्ना : दार उघडं होतं?

मिताली : लोटलेलं. मी हाकसुद्धा मारली, "ओ, कुणी आहे का, तुमचं काही पडलंय." कोंबड्याच ओरडत होत्या नुसत्या.

संघरत्ना : कुठे ओरडत होत्या?

मिताली : त्या खुराड्यात. फळी लावलेली होती. एवढ्या कलकलत होत्या, की मला वाटलं कुणी साप बघितला.

संघरत्ना : दुपारी? भर दुपारी खुराड्यात?

पौर्णिमा : काकी उजाडायच्या आत सोडते कोंबड्या. आमी निजलेलो असतो तेव्हा.

संघरत्ना : पौर्णिमा, आज सकाळी तिच्याकडे कोण गेलं होतं?

पौर्णिमा : तू ना?

संघरत्ना : मी नाही. मी काल गेले ती शेवटची. मला वाटलं बाबा जाऊन आले.

पौर्णिमा : बाबा मांडवातून हलले नायत. मला वाटलं, आत्या. नाय, आत्या तर पंपावरनं सरळ इकडं आली. पंपावर काकी दिसली का, तेही मी विचारलं नाय. मला बोलणंच ऐकवत नव्हतं.

मिताली : असेल ना रागाने पडून. रुसलेलं माणूस नाही उठत लवकर.

संघरत्ना : रुसून ती मला उपाशी ठेवेल, बाबांना ठेवेल. कोंबड्यांना नाही ठेवणार. परवा "डोकं दुखतंय" म्हणाली, तेव्हा खरंच दुखत असेल तर? काल "ठेव तिथं" म्हणाली, तेव्हा उठता येत नसेल तर? बंटी झोपेत जरा जास्त वेळ गप्प राहिला, तर मी त्याच्या नाकापुढे बोट धरून बघते. आणि ती तीन दिवस गप्प आहे, तर आम्ही सगळे म्हणतोय, रुसलीय.

पौर्णिमा : मी जाते.

संघरत्ना : तुझा चुडा भरलाय, आतल्या बायका तुला मांडवाबाहेर सोडणार नाहीत, आरडाओरडा होईल. आणि तुझा आवाज ऐकला की ती पडल्या पडल्या म्हणेल, "मी बरी हाय, तू हळद लावून घे." मला तर काहीच सांगणार नाही.

पौर्णिमा : मग बाबांना...

संघरत्ना : बाबांना मी सांगते, सायकल काढायला लावते, गाडी लागली तर सरपंचांकडून फोन करता येईल. पण त्याला वेळ जाईल. मिताली, तू ऊठ. धावत जा. बंटीला कडेवर घेऊन मी मागोमाग येतेच, चिंचेखाली थांबते, तिला दिसणार नाही अशी.

मिताली : पण मी काय बोलू त्यांच्याशी? मला ओळखतसुद्धा नाहीत त्या.

संघरत्ना : म्हणूनच तू. पत्रिकेचं काढू नको, हळदीचंही नको, माझं नाव तर घेऊच नको. नुसतं म्हण, "मावशी, लांबून आलेय, घसा सुकलाय, घोटभर पाणी द्याल का?" दारात आलेल्या पाहुणीला पाणी नाही म्हणणारी बाई नाही ती, कितीही रागात असली तरी. दार ढकल आणि उभी राहा. पाणी द्यायला ती उठतेय का, तेवढं बघ.